चेक-इन बॅगेतून सामान चोरीला गेलं तर काय करायचं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या प्रवाशांचे नेहमीचे प्रश्न

शहापुरात तिकीट बुकिंगचं काम करतो. तिकीट काढताना बॅगेबद्दल कोण काही विचारत नाही, परत आल्यावर मात्र फोन येतात, बॅग उघडलीय, सेंटच्या बाटल्या गेल्यात, मोबाईल गेलाय, आता काय करू म्हणून. तोपर्यंत माणूस घरी पोचलेला असतो, टॅग फाडून टाकलेला असतो, बॅग रिकामी करून माळ्यावर गेलेली असते आणि मग हातात काहीच राहत नाही. म्हणून तेच तेच प्रश्न एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. आपल्याकडनं कोण सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरनं उडतं, कोण चोर्ला घाट उतरून गोव्यात दाबोळीला नाहीतर मोपाला जातं, निपाणी-चिकोडीवाल्यांना कोल्हापूर जवळ, कारवारवाल्यांना गोवा, भालकी-बिदरकडची माणसं हैदराबाद धरतात. नियम सगळ्यांना एकच.

विमानतळावर एवढी सिक्युरिटी असते, मग बॅगेतून चोरी होतेच कशी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि ह्याचं उत्तर कळलं की बाकीचं आपोआप कळतं. ती सिक्युरिटी चोरासाठी उभी केलेलीच नाही. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क विमान समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली, बॉम्ब एका बॅगेत होता आणि त्या बॅगेचा मालक विमानात चढलाच नव्हता. १९८८ ला स्कॉटलंडमधल्या लॉकरबीला परत तसंच झालं. चेक-इन बॅगेचे आजचे कडक नियम बरेचसे ह्या दोन घटनांनंतरचे. माणूस चढला नाही तर त्याची बॅग उतरवतात, प्रत्येक बॅग एक्स-रेतून जाते, संशय आला तर वेगळी काढतात. सगळा जोर विमानात काय चढतंय ह्यावर. बॅगेतून काय बाहेर जातंय हे बघायचं काम कुणाचं, असं विचारलं तर प्रत्येकजण दुसऱ्याकडं बोट दाखवतो.

बॅग काउंटरला दिली की पहिल्यांदा विमान कंपनीची, मग ग्राउंड हँडलिंगवाल्यांची, त्यांचे लोडर परत कंत्राटावरचे. पट्टा आणि इमारत विमानतळ चालवणाऱ्यांची, तपासणी सिक्युरिटीची, परदेशाहून आलात तर मध्ये कस्टम. आत काम करणाऱ्यांना पास मिळायच्या आधी पोलीस पडताळणी होते, आत जाताना झडती होते, ते सगळं आहे. पण मोठ्या विमानतळांवर शेकडो माणसांच्या हातातून बॅगा जातात आणि त्यातली बहुतेक माणसं प्रामाणिक असली तरी दोनचार वाईट निघाली की पुरतं.

मग नेमकी कुठं उघडतात?

जिथं कॅमेरा नाही आणि दोन मिनिटं निवांत मिळतात तिथं. आपण ज्या विमानांतून जास्त जातो, एअरबस ३२० किंवा बोईंग ७३७, त्यात बॅगा बहुतेक वेळा सुट्ट्या भरतात, म्हणजे एक-दोन माणसं विमानाच्या पोटात वाकून बसतात आणि बॅगा हातानं रचतात. आत साधारणपणे कॅमेरा नसतो, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. सांबऱ्याला येणाऱ्या एटीआर आणि एम्ब्रायर ह्या छोट्या विमानांतही बॅगा हातानंच चढतात-उतरतात. लांबच्या मोठ्या विमानांत बॅगा कंटेनरमध्ये बंद करून चढवतात, तिथं विमानात उघडायला संधी कमी, पण कंटेनर भरताना असतेच. त्याशिवाय पट्ट्यावरून आलेल्या बॅगा गाडीवर लावायची जागा आणि विमान बदलताना बॅगा पडून राहतात ती जागा.

दिल्लीसारख्या विमानतळांवर लोडर पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. पण सगळ्या लोडरना चोर म्हणू नका. उन्हातान्हात डांबरावर राबणारी, आपल्यासारख्याच घरची पोरं असतात ती.

सांबऱ्याला चोरी होते की मुंबईला?

बॅग बघून कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. एवढं सांगतो, बॅग जितक्या वेळा हात बदलते तितकी रिस्क वाढते. सांबऱ्याहून बेंगळुरूला थेट गेलात तर बॅग एकदा चढते एकदा उतरते. दुबई-मुंबई-बेळगाव केलं तर दोनदा चढते, दोनदा उतरते, मध्ये कस्टम आणि काही तासांचा मुक्काम.

आणि इथंच आपली माणसं एक मोठी संधी सोडतात. परदेशाहून आल्यावर मुंबईला बॅग स्वतः पट्ट्यावरून उचलून कस्टममधून बाहेर काढायची असते आणि मग बेळगावच्या विमानाला परत द्यायची असते. त्या दहा मिनिटांत बॅग बघा. चेन बघा, कुलूप बघा, शंका आली तर तिथंच उघडा. मुंबईलाच सामान कमी दिसलं तर तक्रार परदेशी प्रवासाची होते आणि तिची मर्यादा पुष्कळ मोठी आहे. तसंच न बघता पुढं दिली आणि सांबऱ्याला उघडलेली निघाली तर पहिली कंपनी म्हणणार आमच्याकडं ठीक होती, दुसरी म्हणणार अशीच आली.

कुलूप लावलं तर पुरतं का?

नाही. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतला एक मुलगा शारजाहून आला, बॅगेला दोन्ही चेन एकत्र धरून छोटं नंबरवालं कुलूप, कुलूप जसंच्या तसं, आतून दोन मोबाईल आणि घड्याळ गायब. घरचे म्हणायलेत की ह्यानं आणलंच नसेल. मी बॅग उजेडात धरून बघितली तर चेनच्या दातांवर एका जागी निळ्या शाईचा बारीक डाग आणि तिथले दोन दात किंचित वाकडे. बॉलपेनचं टोक चेनमध्ये खुपसलं की चेन मधूनच फाकते, हात आत जातो, मग कुलपासकट चेन सरकवायचे दोन्ही रनर त्या जागेवरून एकदा पुढं-मागं ओढले की चेन परत बंद. कुलपाला कुणी हातसुद्धा लावत नाही. त्या पोरावर घरी चोरीचा आळ आला होता, तो तेवढ्या डागानं उतरला.

ह्यावर उपाय, रनर हलणारच नाहीत असं करायचं. दोन्ही रनर केबल टायनं बॅगेच्या हँडलला नाहीतर एखाद्या पक्क्या कडीला बांधा. मग पेननं चेन फाकवली तरी परत बंद करता येत नाही आणि चोरी झाल्याचं पट्ट्यावरच दिसतं. हार्डवेअरच्या दुकानात पाकीटभर मिळतात, जरा वेगळ्या रंगाचे घ्या म्हणजे कापून दुसरा लावला तर कळेल. त्याहून चांगली म्हणजे बिनचेनची, क्लिपांनी बंद होणारी कडक बॅग. तिला पेन लागत नाही. महाग आणि जड असते हे खरं आहे, पण वर्षातून एकदा गल्फहून येणाऱ्यानं घ्यावी असं माझं मत.

टीएसए म्हणजे अमेरिकेतली विमानतळ सुरक्षा यंत्रणा, लाल खुणेची टीएसए कुलपं तिथल्या तपासणीसाठी असतात, त्यांची मास्टर चावी असते. त्या चाव्यांचा फोटो २०१४ ला एका पेपरात छापून आला आणि २०१५ पर्यंत लोकांनी थ्रीडी प्रिंटरवर तशा चाव्या काढल्या. अमेरिकेला जाणार नसाल तर त्या कुलपाचा वेगळा फायदा काही नाही.

प्लास्टिक गुंडाळून घ्यावं का?

मोठ्या विमानतळांवर मशीन असतं, पैसे घेतात. चोराला वेळ लागतो आणि फाडलेलं दिसतं, हा फायदा खरा आहे. गल्फहून मोबाईल, सेंट, चॉकलेटं भरून येणाऱ्या बॅगेला घ्याच. मात्र तपासणीला बॅग उघडायची वेळ आली तर प्लास्टिक कापतात आणि परत गुंडाळून देत नाहीत. त्यामुळं प्लास्टिक फाडलेलं म्हणजे चोरीच झाली असं नाही, पण आत बघायला ते कारण पुरेसं आहे.

चेक-इन बॅगेत काय ठेवायचंच नाही?

सोनं, रोख पैसे, लॅपटॉप, मोबाईल, कॅमेरा, पासपोर्ट, सर्टिफिकेटं, जमिनीची कागदपत्रं, रोजची औषधं. हे सगळं हातातल्या बॅगेत. बहुतेक कंपन्यांच्या अटींमध्ये लिहिलेलंच असतं की मौल्यवान वस्तू चेक-इनमध्ये ठेवल्या तर आम्ही जबाबदार नाही, आणि तक्रार केली की पहिली तीच ओळ दाखवतात. लग्नाला जाताना आपल्या बायका दागिने साडीच्या घडीत घालून मोठ्या बॅगेत ठेवतात, कारण पर्समध्ये भीती वाटते. उलट आहे ताई, पर्सच बरी. एक्स-रेत सोनं ठळक दिसतं आणि तो स्क्रीन बघणारे तुमच्या ओळखीचे नसतात.

पॉवर बँक तर चेक-इनमध्ये चालतच नाही. ठेवली की बॅग अडकते, तुम्हाला बोलावतात किंवा बॅग मागं राहते, आणि मागं राहिलेली एकटी बॅग हीच सगळ्यात जास्त धोक्यात असते.

छोट्या विमानात केबिन बॅग शिडीपाशी काढून घेतात, त्याचं काय?

हा प्रश्न फार जणांना सुचत नाही, पण सांबऱ्याच्या प्रवाशांना सगळ्यात जास्त हाच लागू पडतो. एटीआर आणि छोट्या एम्ब्रायरला वरचे कप्पे लहान, नेहमीची केबिन ट्रॉली त्यात बसत नाही. मग विमानाच्या दारात टॅग लावून ती खाली पोटात टाकतात. तुम्ही सोनं आणि लॅपटॉप मुद्दाम हातात ठेवलेलं असतं, आणि तीच बॅग कुलूप नसलेली, अगदी शेवटच्या मिनिटाला, दुसऱ्याच्या हातात जाते.

म्हणून ट्रॉलीच्या आत एक छोटी कापडी पिशवी ठेवा, किमती सामान सगळं त्यातच. बॅग मागितली की दहा सेकंदात पिशवी काढून खांद्याला, आणि मग ट्रॉली द्या. मागं लाईन थांबली तर थांबू दे. आणि त्या टॅगचा तुकडा मागून घ्या, तो नसेल तर बॅग दिल्याचा पुरावाच नाही.

कुंदा, करदंट, काजू नेले तर बॅग उघडतात का?

उघडू शकतात. कुंद्यासारखा दाट गोळा एक्स-रेत एकसंध गडद दिसतो, शंका येऊ शकते. भारतात साधारणपणे तुम्हाला बोलावून तुमच्यासमोर उघडतात. डबे बॅगेच्या वरच्या थरात ठेवा, म्हणजे खालचं सगळं उपसावं लागत नाही, आणि कोण उघडत असेल तेव्हा लक्ष बॅगेवर ठेवा, फोनवर नको.

निघताना पुरावा म्हणून काय करून ठेवायचं?

घरी बॅग भरताना मोबाईलवर एक व्हिडिओ काढा, मोठं काही नको, वस्तू एकेक दाखवत बॅग बंद करेपर्यंत. काउंटरवर काट्यावरचं वजन दिसतं त्याचा फोटो घ्या. टॅगचा फोटो घ्या. किमती वस्तूंची बिलं मोबाईलमध्ये असू देत. जुने टॅग आणि स्टिकर सगळे काढून टाका, नाहीतर बॅग भलत्याच गावाला जाते. टॅगवर जिथं जायचंय त्याच ठिकाणाचा कोड आहे ना बघा, बेळगावचा कोड आयएक्सजी.

वजनाचा फोटो का? कारण चोरी सिद्ध करायला ह्याच्याइतकं साधं दुसरं काही नाही. काउंटरला सत्तावीस किलो आणि उतरल्यावर चोवीस, मग तीन किलो हवेत गेले का, ह्याचं उत्तर कंपनीला द्यावं लागतं. आणि काउंटरचं वजन त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये असतं, त्यांना नाही म्हणता येत नाही.

पट्ट्यावरून बॅग उचलल्यावर काय बघायचं?

बाहेर रिक्षावाला हाका मारत असतो, घरचे उभे असतात, म्हणून सगळे घाईत निघतात. तरी दोन मिनिटं द्या. बॅग तुमचीच आहे का, केबल टाय तोच आहे का, चेनचे दात सरळ आहेत का, उचलल्यावर हलकी वाटते का. शंका आली तर तिथंच बाजूला घेऊन उघडा, कुणी हटकलं तरी. सामान कमी असेल तर बॅग परत त्यांच्या काट्यावर ठेवायला सांगा आणि त्या वजनाचा फोटो घ्या.

अजून एक. बाहेर पडताना टॅग जुळवून बघणारा माणूस आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी नसतो. पट्ट्यावरून कोणीही कोणाचीही बॅग उचलून चालू लागू शकतो, आणि काळ्या-निळ्या बॅगा सगळ्या सारख्याच. हँडलला रंगीत कापड बांधा आणि पट्टा सुरू व्हायच्या आधी तिथं जाऊन उभे राहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये बीसीएएसनं, म्हणजे विमान सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्यानं, विमान कंपन्यांना सांगितलंय की शेवटची बॅग अर्ध्या तासात पट्ट्यावर आली पाहिजे. त्याहून फार उशीर झाला तर विचारा बॅगा कुठं आहेत.

पीआयआर म्हणजे काय? काउंटरवाले म्हणतात घरी जाऊन मेल करा.

बॅग आली नाही, फाटली, किंवा आतलं सामान गेलं, की विमान कंपनीच्या बॅगेज काउंटरवर जो रिपोर्ट लिहून देतात तो पीआयआर. त्यावर एक नंबर असतो, आधी विमानतळाचा कोड, मग कंपनीचा कोड, मग पाच आकडे. सांबऱ्याला लिहिलेला असेल तर सुरुवात आयएक्सजी. हा नंबर मिळेपर्यंत विमानतळ सोडायचा नाही.

"घरी जाऊन मेल करा" म्हटले तर शांतपणे सांगा की मेल करतोच, पण रिपोर्ट आत्ता लिहून द्या. नाहीच म्हटले तर तिथंच उभं राहून मोबाईलवरनं कंपनीला मेल टाका. फ्लाईट नंबर, टॅग नंबर, वेळ, काउंटरवर कोण होतं, रिपोर्ट नाकारला हे सगळं त्यात लिहा. मेलवर वेळ पडते, ती पुढं कामाला येते. एअरसेवा नावाचं सरकारी पोर्टल आणि ॲप आहे, तिथं पण त्याच दिवशी तक्रार टाकून सोडा.

आणि कोरे फॉर्म सही करून देऊ नका. "बॅग सुस्थितीत मिळाली" असं कुठं छापलंय का वाचा.

खानापूरला घरी पोचल्यावर कळलं, आता उशीर झाला का?

नाही, पण घड्याळ चालू झालंय. परदेशाच्या प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू होतो, भारत २००९ पासून त्यात आहे, आखाती देशही आहेत. त्यात सामानाच्या नुकसानीची तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत लेखी करायची असते. बॅग उशिरा मिळाली तर एकवीस दिवस. एकवीस दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरतात.

लोक म्हणतात नुकसान म्हणजे बॅग फाटणं, सामान गेलं ते वेगळं. तसं नाही. मॉन्ट्रियलच्या आधीच्या जुन्या करारावरच्या एका खटल्यात इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, १९८० मध्ये ठरवलं की आतल्या काही वस्तू जाणं हेही नुकसानच आणि त्याचीही तक्रार सात दिवसांतच हवी. त्या प्रवाशानं बॅग फाटल्याचं विमानतळावरच सांगितलं होतं, वस्तू गेल्याचं नंतर कळवलं, आणि तिथंच तो अडकला. म्हणून पहिल्या तक्रारीत फाटलेलं आणि गेलेलं दोन्ही लिहा, यादी अपुरी असली तर "अजून तपासतोय, आणखी वस्तू निघाल्यास कळवतो" असं लिहा आणि सात दिवसांच्या आत पूर्ण यादी पाठवा. फोनवर सांगितलं ते धरत नाहीत.

बॅग धुऊ नका, चेन दुरुस्त करून घेऊ नका, टॅग काढू नका. आहे तशी कोपऱ्यात ठेवा.

पैसे किती मिळतात?

देशातल्या देशात एका प्रवाशामागं जास्तीत जास्त २०,००० रुपये. परदेशी प्रवासाला मॉन्ट्रियल कराराची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे, त्याआधी १,२८८ होती. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. रुपयात साधारण पावणेदोन लाखाच्या आसपास, भावाप्रमाणे मागं-पुढं. ही वरची मर्यादा आहे, आपोआप मिळणारी रक्कम नाही. काय गेलं आणि त्याची किंमत काय हे तुम्हाला दाखवावं लागतं, म्हणून बिलं आणि व्हिडिओ. कंपन्या पहिल्यांदा किलोच्या हिशोबानं दोनतीन हजार देऊ करतात, नाहीतर पुढच्या तिकिटाचं व्हाउचर. "पूर्ण आणि अंतिम" असं लिहिलेल्या कागदावर सही केलीत की पुढचा रस्ता जवळजवळ बंद होतो.

फार किमती काही चेक-इनमध्ये न्यावंच लागलं तर काउंटरवर आधीच किंमत जाहीर करून जास्तीची फी भरायची सोय करारात आहे. काउंटरवरच्या पोरांना बरेचदा ते माहीत नसतं, सुपरवायझरला बोलवायला सांगा.

दोन कंपन्यांची विमानं होती, दोघंही एकमेकांवर ढकलायलेत.

एकाच तिकिटावर परदेशी प्रवास असेल तर मॉन्ट्रियल करारात सामानासाठी पहिली कंपनी, शेवटची कंपनी, आणि जिच्या ताब्यात नुकसान झालं ती, तिघींवर दावा करता येतो. तुम्हाला शोध लावत बसायची गरज नाही, शेवटच्या कंपनीला धरा, ती आपसात बघून घेईल. मुंबई-बेळगावचं तिकीट वेगळं काढलं असेल तर मात्र हे चालत नाही, तिथं मुंबईला बॅग बघणं हाच उपाय. तिकीट काढताना शक्य असेल तर एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर काढा, हजारभर जास्त गेले तरी.

अजून एक गोष्ट वापरा. जून २०१८ पासून आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या, ठराव ७५३ प्रमाणे विमान कंपन्यांनी बॅग चार ठिकाणी नोंदवायची असते, घेताना, विमानात चढवताना, दुसऱ्या विमानाकडं देताना आणि प्रवाशाला परत देताना. तक्रारीत ही नोंद मागा. बॅग कुणाच्या ताब्यात किती वेळ पडून होती हे त्यावरून निघतं.

पोलिसात जाऊन उपयोग आहे का?

आहे. कंपनीकडची तक्रार भरपाईची, पोलिसातली चोरीची, दोन्ही वेगळ्या. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलला सहार पोलीस ठाणं. पण आता घरी आलाय म्हणून मुंबईला परत जा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा, बीएनएसएस, लागू आहे, त्याच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडला असो, जवळच्या ठाण्यात नोंद घेता येते, तिला झिरो एफआयआर म्हणतात, मग ती पुढं तिकडच्या ठाण्याकडं पाठवतात. तक्रार ऑनलाईन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची.

आपल्याकडं एफआयआर कन्नडमध्ये लिहितात. वाचता येत नसेल तर सही करू नका, आधी वाचून दाखवायला सांगा. वाचून दाखवणं हे त्याच कलमात लिहिलंय, कुणी उपकार करत नाही. मराठीतनं समजावून सांगणारा हवालदार बेळगावात कुठल्याही ठाण्यात मिळतो, नम्रपणे विचारा. वस्तूंची यादी, मोबाईलचे आयएमईआय नंबर आणि टॅग नंबर स्वतः लिहून घेऊन जा आणि ते त्यात आलेत का बघा. कॉपी फुकट मिळते. नोंद घेतच नसतील तर शहरात पोलीस आयुक्तांकडं, तालुक्यात एसपींकडं लेखी पाठवा.

सीसीटीव्ही फुटेज मागता येतं का?

तुमच्या हातात सहसा देत नाहीत. पण फुटेज कायम ठेवत पण नाहीत, काही दिवसांनी पुसलं जातं. म्हणून पहिल्याच मेलमध्ये एक ओळ लिहा, अमुक तारीख, अमुक फ्लाईट, बॅगा उतरवल्यापासून पट्ट्यापर्यंतचं फुटेज जतन करून ठेवा. ती मेल विमान कंपनी आणि विमानतळ दोघांना. मग पोलीस किंवा ग्राहक आयोग ते मागवू शकतात, आणि लेखी सांगूनही पुसलं तर ते त्यांच्या विरोधात जातं. सांबरा विमानतळ एएआयचा, म्हणजे सरकारी विमानतळ प्राधिकरणाचा, तिथं माहिती अधिकारात अर्ज चालतो. विमानतळाची सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय दलाला, सीआयएसएफला मात्र त्या कायद्यातनं बरीचशी सूट आहे.

सिक्युरिटी चेकच्या ट्रेमधून वस्तू गेली तर?

तुम्ही झडतीच्या लाईनीत अडकलेले आणि ट्रे पलीकडं पोचलेला, ह्या दोन मिनिटांत जातं. घड्याळ, पाकीट, सोन्याची चेन ट्रेमध्ये सुटं ठेवू नका, बॅगेच्या आतल्या कप्प्यात घालून चेन लावा. आणि पुढची लाईन मोकळी दिसल्याशिवाय ट्रे ढकलू नका. गेलंच तर तिथून हलायचं नाही, लगेच ड्युटीवरच्या अधिकाऱ्याला सांगायचं, तिथं कॅमेरे नक्की असतात. बरेचदा दुसऱ्या प्रवाशानं चुकून उचललेलं असतं. सीआयएसएफ सापडलेल्या वस्तूंची यादी वेबसाईटवर टाकतं, तिथं पण बघा.

अमेरिकेत मुलाकडं जाताना बॅगेत चिठ्ठी निघाली, बॅग उघडली म्हणून. हे काय?

तिथं टीएसए तुमच्या माघारी बॅग उघडू शकते आणि उघडल्याची छापील चिठ्ठी ठेवते, आपल्यासारखं बोलावत नाहीत. ती चिठ्ठी जपून ठेवा. सामान कमी असेल तर टीएसएकडं वेगळा क्लेम करता येतो. तिथले कर्मचारी पण चोरी करताना सापडलेत, २०२३ मध्ये मायामीला तपासणीच्या पट्ट्यावरच्या बॅगांतून पैसे काढताना कॅमेऱ्यातच आले. तेव्हा परदेशात सगळं चोख असतं असं मनात धरून बिनधास्त राहू नका.

बॅगेत एअरटॅग, म्हणजे जागा दाखवणारा छोटा ट्रॅकर ठेवला तर चोरी थांबते का?

थांबत नाही. बॅग कुठं आहे ते कळतं, आतलं काय गेलं ते कळत नाही. बॅगच मागं राहिली किंवा कुणी उचलून नेली तर फार उपयोगी.

ट्रॅव्हल इन्शुरन्स?

घ्या, पण पॉलिसी वाचून. बऱ्याच पॉलिसीत पूर्ण बॅग हरवली तरच पैसे आहेत, आतलं थोडं गेलं तर नाहीत. आणि पीआयआर नसेल तर क्लेम जवळजवळ होतच नाही.

मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून बॅग गेली, तिथं पण हेच नियम का?

विमानाचे नियम नाहीत, पण ग्राहक कायदा तोच. बॅग डिकीत टाकताना चिठ्ठी किंवा नंबर मागा, नाही म्हटले तर डिकीत ठेवतानाचा फोटो घ्या, गाडीचा नंबर दिसेल असा. जेवायला गाडी थांबते तेव्हा डिकी उघडते, आपले लोक तेव्हा झोपलेले असतात. किमती सामान सीटपाशी.

कंपनी उत्तरच देत नाही. मुंबईला जाऊन केस करावी लागते का?

नाही, आणि बहुतेक लोक ह्याच भीतीनं सोडून देतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथं राहतो किंवा नोकरीधंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. निपाणीचा माणूस मोपाहून उडाला आणि दिल्लीला बॅग फुटली तरी तक्रार बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात. कारवारवाल्याची उत्तर कन्नडच्या, भालकीवाल्याची बिदरच्या. परदेशी प्रवासाला करारातली अट पण बघावी लागते, तिकीट इथं काढलेलं असेल किंवा प्रवासाचं शेवटचं ठिकाण भारत असेल तर भारतात दावा चालतो. रिटर्न तिकिटात जिथून निघालात तेच शेवटचं ठिकाण धरतात, त्यामुळं दुबईत काढलेलं दुबई-मुंबई-दुबई तिकीट असेल तर आधी एखाद्या वकिलाला दाखवा.

त्याआधी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करा, फुकट आहे, बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. नाही मिटलं तर कंपनीला नोटीस, स्पीड पोस्टानं, काय गेलं, किती मागताय, पंधरा दिवसांत द्या. मग आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि विमानाचं तिकीट त्यात सहज बसतं. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरनं घरबसल्या दाखल करता येतं, साध्या इंग्रजीत घटना क्रमानं लिहा आणि टॅग, बोर्डिंग पास, पीआयआर, वजनाचे दोन फोटो, बिलं, मेल ह्याच क्रमानं जोडा. मुदत दोन वर्षांची आहे आणि कंपनी "तपास चालू आहे" म्हणत मेलवर मेल पाठवते त्यात ती मुदत थांबत नाही, म्हणून पहिल्या उत्तराची वाट तीस दिवस बघायची आणि मग तक्रार टाकायची.